पायांकडे बघ जरा

अगं, आपण बायका सगळ्यात शेवटी बोलतो ते पायांबद्दल. पित्त झालं, डोकं धरलं, गुडघा कुरकुरला की घरादाराला कळतं. पोटरीवर निळसर गाठी उठल्या की मात्र साडी जरा खाली सोडायची आणि विषय मिटवायचा. म्हणून तू आपण होऊन विचारलंस, "ताई, लेसरने या शिरा जातात म्हणे, करून घेऊ का?" याचंच मला बरं वाटलं. फोनवर अर्धवट सांगण्यात अर्थ नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या डाव्या पायाचं लेसर झालेलं आहे आणि आईच्या घोट्याची जखम मी किती वर्षं धुतली ते तुला ठाऊक आहे. तेव्हा यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

उत्तर आधीच देऊन टाकते. लेसर चांगलं आहे, पण ते तुझ्या पायासाठी आहे की नाही हे जाहिरात सांगू शकत नाही, मैत्रीण सांगू शकत नाही आणि मीही नाही. ते ठरतं उभं राहून केलेल्या डॉपलरवर, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीवर. तो होईपर्यंत कुणालाही हो म्हणू नकोस.

हे दुखणं येतं कुठून ते नीट समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पायातलं रक्त वर चढतं ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. आपण चाललो की पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. ते परत खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात. या झडपा सैल पडल्या की रक्त उलटं खाली येतं, शीर ताणली जाते, आणि ती ताणली की तिच्या पुढच्या झडपाही मिटेनाशा होतात. घोट्यापासून निघून मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणारी एक लांब शीर आहे, डॉक्टर तिला ग्रेट सॅफिनस म्हणतात. जांघेत ती खोलवरच्या मोठ्या शिरेला मिळते. बहुतेकींचा बिघाड या शिरेत असतो, आणि तो पुष्कळदा वर जांघेतूनच सुरू झालेला असतो. तुला पोटरीवर ज्या गाठी दिसतात ते तिचे खालचे फाटे. दिसतं खाली, मूळ वर. हे लक्षात ठेव.

झडपा सैल का पडतात? एक तर वारसा. आईला होतं, मला आहे, तुला आहे. मग बाळंतपणं: त्या दिवसांत अंगातलं रक्त वाढतं, हार्मोनमुळे शिरा सैलावतात आणि वरून गर्भाशयाचा दाब येतो. वय आहे, वजन आहे. आणि उभं राहणं आहे. नर्स, वाहतूक पोलीस, एसटीचे कंडक्टर, दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडून दाखवणाऱ्या दुकानातल्या मुली, यांच्या पायांना विचार. तू शाळेत फळ्याशी उभी, घरी आलीस की ओट्याशी उभी. चालणं वेगळं आणि एका जागी उभं राहणं वेगळं. चालताना पोटरी काम करते. उभ्याउभ्या कणीक मळताना, पोळ्या लाटताना ती नुसती ताटकळते. म्हणून ओट्याशी असलीस तरी अधूनमधून टाचा उचलून चवड्यांवर उभी राहत जा. याने शिरा जाणार नाहीत, पण संध्याकाळी पाय जड होतात ते कमी होईल.

आता तुझ्या पायावर जे आहे ते नक्की काय, हेही पाहायला हवं. मांडीवर किंवा घोट्याजवळ कातडीतच दिसणाऱ्या केसासारख्या बारीक लाल-जांभळ्या रेषा हा वेगळा प्रकार. त्या बऱ्याचदा फक्त दिसण्यापुरत्या असतात. दोरीएवढ्या जाड, उभं राहिलं की फुगणाऱ्या, पाय वर घेऊन झोपलं की बसणाऱ्या शिरा, त्या व्हेरिकोज व्हेन्स. डॉक्टर याच्या पायऱ्या करतात, रिपोर्टवर सी-१ ते सी-६ असं लिहिलेलं असतं. सी-१ म्हणजे त्या बारीक रेषा, सी-२ फुगलेल्या शिरा, सी-३ सूज, सी-४ कातडी काळपट किंवा कडक होणं, सी-५ भरून आलेली जखम आणि सी-६ वाहती जखम. प्रत्येकीचा प्रवास शेवटपर्यंत जातोच असं नाही. कित्येकजणी आयुष्यभर दुसऱ्या पायरीवर राहतात. पण सूज आली, रात्री पोटरीत गोळे यायला लागले, घोट्याच्या आतल्या बाजूला खाज सुटून डाग पडायला लागला, की मग थांबायचं नाही.

तो डाग मला फार छळतो, म्हणून इथे जरा थांबते. आईच्या घोट्यावर आधी तांबूस, मग काळपट असा पट्टा आला. शिरेतला दाब वाढला की रक्तातले कण बाहेर झिरपतात आणि त्यातलं लोह कातडीत साठतं, त्याचा तो रंग. पण त्याला नायटा समजून मलमं झाली, इसब समजून झाली, कडुलिंबाच्या पाण्याने धुऊन झालं. मग कधीतरी पलंगाचा कोपरा लागला आणि रुपयाएवढी जखम झाली, ती भरेना. भरली की पुन्हा फुटे. ड्रेसिंग मात्र अगदी नेमाने होत होतं. इतक्या जणांनी तो घोटा पाहिला, पण साडी गुडघ्यावर करून मांडीची शीर कुणी तपासली नाही. वरचा नळ गळतोय तोवर खालची फरशी कितीही पुसली तरी ओलीच राहणार. ब्रिटनमध्ये अशा जखमा झालेल्या ४५० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दाबपट्ट्या सगळ्यांनाच बांधल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांची शीर लगेच आतून बंद केली, बाकीच्यांची नंतर. ज्यांची लगेच केली त्यांच्या जखमा भरायला मधला आकडा ५६ दिवसांचा आला, बाकीच्यांचा ८२. आईच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर! तू मात्र तिथवर जाऊच नकोस, एवढ्यासाठी हे लिहिणं.

आता डॉपलर. पोटाची सोनोग्राफी करतात तसंच मशीन, तसाच गार जेल. पण शिरांच्या उलट्या प्रवाहासाठी तो उभं राहूनच व्हायला हवा, कारण आडवं झालं की शीर रिकामी होते आणि दोष लपतो. पोटरी दाबतात, सोडतात, आणि रक्त किती वेळ उलटं येतं ते बघतात. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ आलं तर त्या शिरेची झडप निकामी. तुला पलंगावर नुसतं आडवं झोपवून दोन मिनिटांत हातात कागद दिला, तर मोकळेपणाने म्हण, "डॉक्टर, उभं राहून बघणार नाही का?" रिपोर्टमध्ये चार गोष्टी आहेत का ते पाहा: कोणती शीर बिघडली आहे, तिची जाडी किती, उलटा प्रवाह कुठून सुरू होतो, आणि खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत का. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आतल्या शिरेत गुठळी असेल आणि रक्त वरच्याच शिरेतून कसंबसं जात असेल, तर ती वरची शीर बंद करणं धोक्याचं. म्हणूनच नुसता पाय बघून, शिबिरात पाच मिनिटांत लेसरचं पॅकेज ठरवून देणारे मला पटत नाहीत. शक्यतो रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन. किंवा हे काम नेहमी करणारे इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट असतात, त्यांच्याकडे. डॉपलर जे स्वतःच्या हाताने करतात त्यांच्याकडे गेलीस तर उत्तमच.

आणि लेसर म्हणजे नेमकं काय करतात? मोठ्या मावशीचं जुनं ऑपरेशन तुला आठवत असेल. कमरेत इंजेक्शन, जांघेत चीर, ती लांब शीर तारेवर घेऊन ओढून काढलेली, मग मांडीभर काळंनिळं आणि कितीतरी दिवस अंथरूण. ते तंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आणि त्याने पुष्कळांना गुण आला, त्याला नावं ठेवायची नाहीत. आता शीर काढत नाहीत, जागच्या जागी आतून तापवून बंद करतात. स्पेनचे कार्लोस बोने यांनी १९९९ मध्ये शिरेच्या आत लेसर वापरल्याचं प्रथम मांडलं, २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांबरोबरचा त्यांचा लेख आला, आणि २००२ मध्ये अमेरिकेत या उपचाराला परवानगी मिळाली. सुरुवातीचं लेसर ८१० नॅनोमीटरचं होतं, ते रक्तात जास्त शोषलं जाई. हल्ली बऱ्याच ठिकाणी १४७० चं वापरतात. ते पाण्यात, म्हणजे शिरेच्या भिंतीत चांगलं शोषलं जातं, आणि टोकाशी चहूबाजूंनी प्रकाश फेकणारं फायबर असलं की नंतरचं दुखणं नि काळंनिळं होणं कमी.

माझं कसं झालं ते सांगते, म्हणजे तुझी भीती जाईल. आधी उभं करून पायावर मार्करने सगळ्या शिरांच्या खुणा केल्या. मग आडवं झोपवून गुडघ्याजवळ भूल देऊन, सोनोग्राफीत बघत सुईएवढ्या छिद्रातून बारीक फायबर वर सरकवलं. टोक जांघेतल्या मोठ्या शिरेपासून साधारण दोन सेंटीमीटर अलीकडे थांबवतात, म्हणजे तिला आच लागत नाही. खरा त्रास काय तो यानंतरच्या भुलीचा. मांडीच्या आतल्या बाजूने एकापाठोपाठ एक सुया टोचत त्या शिरेभोवती भुलीचं औषध घातलेलं सलाईनचं पाणी भरतात. पहिल्या टोचण्या झोंबल्या, खोटं कशाला सांगू. पण पाणी भरत गेलं तशी मांडी घट्ट आणि गार पडत गेली. ही भुलीची रीत कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये चरबी काढण्यासाठी मांडली होती, ती इथे फार उपयोगाची ठरली. त्या पाण्याने तीन कामं होतात: बधिरता येते, शीर फायबरभोवती दाबली जाते, आणि आजूबाजूच्या नसा नि कातडी भाजत नाही. मग सगळ्यांनी चष्मे लावले, मलाही लावला. लेसर सुरू झालं तेव्हा कातडीखालून एक लाल ठिपका दिसत होता, आणि डॉक्टर फायबर मागे ओढतील तसा तो जांघेकडून गुडघ्याकडे सावकाश उतरत होता. दुखलं नाही. जिभेवर क्षणभर जळकट चव आली, तेवढंच. पायावर घट्ट दाबाचे मोजे चढवले आणि लगेच वऱ्हांड्यात चालायला लावलं. त्याच दिवशी घरी.

तुझ्या मनात येईल, आणि तुझा नवरा तर नक्कीच विचारेल, की शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार? पायातलं जवळजवळ नव्वद टक्के रक्त खोलवरच्या शिरांमधूनच जातं. ही वरची शीर उलट रक्त खालीच पाडत होती. ती बंद झाली की आतल्या शिरांवरचा नाहक बोजा कमी होतो, आणि बंद झालेली शीर काही महिन्यांत आक्रसून दोऱ्यासारखी होते. दुसरा प्रश्न शेजारणी हमखास विचारतात: पुढे बायपास करावी लागली तर हीच शीर लागते ना? लागते, पण चांगली असेल तर. फुगून वेडीवाकडी झालेली शीर सहसा त्या कामाची नसते, आणि सर्जनकडे छातीतली धमनी, हातातली धमनी, दुसऱ्या पायातली शीर असे पर्याय असतात. घरात हृदयविकार असेल तर डॉक्टरांशी हे बोलून घे, पण या एका भीतीपायी पाय सडू देऊ नकोस.

पुन्हा होतं का? हो, होऊ शकतं. बंद केलेली शीर क्वचित पुन्हा उघडते, किंवा नवीनच शिरा बिघडतात, कारण प्रवृत्ती आपल्या रक्तातच आहे. हे कुणी लपवत असेल तर त्याच्याकडे जाऊ नकोस. शिवाय लांब शीर बंद झाली तरी पोटरीवरच्या गाठी लगेच नाहीशा होत नाहीत. काही आपोआप बसतात. उरलेल्या बारीक छिद्रांतून काढतात किंवा त्यात औषधाचा फेस सोडून मिटवतात, त्याला फोम म्हणतात. रेडिओलहरींनी शीर तापवण्याची पद्धतही आहे, ती लेसरच्या तोडीची आहे. तुझ्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसला आहे ते त्यांना करू दे. एक प्रकारचा गोंद घालून शीर चिकटवण्याची नवी पद्धत महाग पडते. फक्त फोमने मोठी शीर बंद करणं स्वस्त आहे खरं, पण ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांना पाच वर्षं तपासून २०१९ मध्ये जो निष्कर्ष आला त्यात लेसर किंवा जुनं ऑपरेशन झालेल्यांची स्थिती फोमवाल्यांपेक्षा चांगली होती. तिथल्या आरोग्यखात्याच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेतला क्रम असा आहे: आधी उष्णतेने बंद करणं, ते जमत नसेल तर फोम, तेही नसेल तर ऑपरेशन. नुसते मोजे, हे यातलं काहीच शक्य नसेल तर. इतकी वर्षं आपल्याकडे मोज्यांवरच भागवलं जातं, ते मला चुकीचं वाटतं.

नंतरचे दिवस. मांडीच्या आतून दोरी ताणल्यासारखं वाटतं, आठवडाभराने जरा जास्तच, आणि मग ओसरतं. निळेपण येतं नि जातं. गुडघ्याखाली शिरेला लागूनच संवेदनेची नस जाते, म्हणून एखादा पट्टा बधिर राहू शकतो. तो बहुतेक वेळा काही महिन्यांत सुधारतो. कातडी भाजणं विरळ, खोल शिरेत गुठळी होणं त्याहून महत्त्वाचं पण तेही क्वचित. म्हणून रोज चालायचं, पडून राहायचं नाही. पोटरी एकाएकी सुजून ठणकायला लागली, श्वास लागला किंवा छातीत दुखलं, तर रात्र असो की दिवस, दवाखाना गाठायचा.

मोज्यांचं एक सांगते. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी घालायचे, पायात रक्त उतरलं की ते चढत नाहीत. पावलावर आधी प्लास्टिकची पातळ पिशवी चढव, मोजा वरून सरकव आणि बोटांकडून पिशवी ओढून घे. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातलेस तर पकड छान येते. घोटा, पोटरी, मांडी मोजूनच घे, अंदाजाने नको. मधुमेह असेल, पावलं गार पडत असतील, तर आधी धमन्या तपासल्याशिवाय घट्ट मोजे घालायचेच नाहीत.

कुणी लेसर करू नये? दिवस गेलेले असताना नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळ शिरा आपोआप बसतात, तेव्हा वाट पाहायची. नुकतीच खोल शिरेत गुठळी झालेली असेल तर नाही. चालताच येत नसेल तर नाही.

पैशांचं आधीच बघ. बऱ्याच आरोग्य विम्यांत व्हेरिकोज व्हेन्ससाठी दोन वर्षांची प्रतीक्षा असते, पॉलिसीच्या बारीक अक्षरांत ते शोध आणि मंजुरी आधी घे. दिसण्यासाठी केलं असं कागदावर लागलं तर दावा अडतो, म्हणून सूज, दुखणं, कातडीचे डाग हे डॉक्टरांनी केसपेपरवर लिहायला हवं. फायबर एकदाच वापरायचं असतं, बिलात त्याची नोंद आहे का पाहा. आपल्या कामवाल्या मावशींच्या पायालाही जखम आहे, त्यांना महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयात पाठव आणि तिथल्या आरोग्यमित्राला विचारायला सांग.

आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. फुगलेली शीर कधी आंघोळ करताना, कधी नुसत्या खाजवण्याने फुटते आणि रक्ताची धार लागते. पाहणाऱ्याची बोबडी वळते. अशा वेळी उभं राहायचं नाही, खुर्चीतही बसायचं नाही. लगेच जमिनीवर आडवं व्हायचं, पाय छातीहून वर धरायचा आणि फुटलेल्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. थांबतं. वर करकचून दोरी बांधली तर रक्त उलट जास्त येतं. थांबल्यावर पट्टी बांधून डॉक्टरांकडे जायचंच, कारण ती शीर पुन्हा फुटते.

दिवाळीच्या सुट्टीत करू असं म्हणू नकोस, त्या दिवसांत तू ओट्यासमोरून हलत नाहीस. या महिन्यातच डॉपलरची वेळ घे, सलवार घालून जा म्हणजे वर करायला सोपं पडेल, आणि उभ्याने करायला सांग. रिपोर्ट आला की आधी मला पाठव. डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ.